दाखवायचे दात: डेंटिस्टवर विश्वास ठेवायची तीनशे वर्षांची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय.)

फोन हातात आहेच, तर एक काम करा. मॅप उघडा आणि ‘डेंटिस्ट नियर मी’ असं टाका. पुण्यात, ठाण्यात, नाशकात असाल तर पायी जाता येईल एवढ्या अंतरात डझनभर लाल टाचण्या दिसतील. जवळपास सगळ्यांना साडेचारच्या वर स्टार. प्रत्येकाच्या फोटोत तोच पांढराशुभ्र हसरा चेहरा. आता सांगा, यातला तुमचा कोणता? आणि तुमच्याबरोबर तुमच्या आई-बाबांना, पुढेमागे तुमच्या पोराबाळांना जिथे नेता येईल, असा कोणता?

‘टॉप टेन डेंटिस्ट’ची यादी मी आज देणार नाही. पण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाहीये, तो फार जुना आहे. आपल्या शरीरात तोंड ही अशी जागा आहे की ती आपली असूनही आपल्याला नीट दिसत नाही. मागच्या दाढेत काय चाललंय हे दुसऱ्यानेच बघून सांगायचं आणि आपण ते मानायचं. त्यात ठणका लागलेला असतो, म्हणजे घासाघीस करायची ताकद शून्य. न दिसणारी वस्तू आणि घाईला आलेलं गिऱ्हाईक! अशा बाजारात विश्वास कुठून येतो? दातांच्या डॉक्टरकीचा इतिहास म्हणजे बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

कीड नावाचा किडा

सुरुवात आपल्याच भाषेपासून करूया. आपण आजही म्हणतो, ‘दाताला कीड लागली’. कोणाला? कसली कीड? हा शब्द एका फार जुन्या समजुतीचा उरलेला तुकडा आहे. दातात खरोखरचा किडा शिरतो आणि तो दात पोखरतो, असं जगभर मानलं जायचं. बॅबिलोनमध्ये या किड्यावरचा मंत्र सापडतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत या रोगाचं नावच ‘कृमिदंतक’ आहे. त्याच ग्रंथात दातांवर साचलेला दगडासारखा थर खरवडायला ‘दंतशंकु’ नावाचं हत्यारही आहे. म्हणजे निरीक्षण चांगलं होतं, फक्त कारण चुकीचं होतं.

महाराष्ट्रात भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्याचं तुमच्या आजी-पणजीकडून ऐकलं असेल. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, धूर तोंडात घ्यायचा, किडे पडतात म्हणायचे. गावोगाव झोळी घेऊन फिरणारे वैदू जडीबुटी द्यायचे, तुंबडी लावायचे, दातही काढायचे. आणि बाजारात नळी लावून ‘हा बघा किडा’ असं दाखवणारेही असायचे. किडा आधीपासून नळीत किंवा बोटांत लपवलेला. पण रुग्णाला काय दिसलं? पुरावा! त्याच्या डोळ्यांसमोर!

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच परत परत होतं. फसवणारा माणूससुद्धा काहीतरी ‘दाखवतोच’. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे ही म्हण या धंद्याला जेवढी लागू पडते तेवढी दुसऱ्या कशाला पडत नसेल.

पॅरिसच्या पुलावरचा तमाशा

आता जरा लांब जाऊ, अठराव्या शतकातल्या पॅरिसला. सीन नदीवर पाँ नफ नावाचा पूल आहे. त्या काळी तिथे रोज जत्रा असल्यासारखी गर्दी. त्यात दात काढणारे. सगळ्यात गाजलेला होता ग्रां तोमा, म्हणजे थोरला तोमा. धिप्पाड माणूस, भपकेबाज कपडे, उंचावर उभं राहून भाषण ठोकायचा. लोक दात काढायला कमी आणि बघायला जास्त जमायचे. फ्रेंच भाषेत एक म्हण आजही आहे, ‘दात काढणाऱ्यासारखा खोटं बोलतो’. कारण ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य तेव्हा रोज शेकडो वेळा बोललं जायचं.

याच शहरात पिएर फोशार नावाचा एक दंतवैद्य होता. १७२८ मध्ये त्याने दोन खंडांचं पुस्तक छापलं, ‘ल शिरुर्जियँ दांतिस्त’. आधुनिक दंतवैद्यक इथून सुरू झालं असं मानतात. पुस्तकात तंत्र भरपूर आहे, पण मला त्यातला भारी भाग वाटतो तो भामट्यांच्या युक्त्यांचा. एक युक्ती ऐका. गर्दीत आपलाच माणूस उभा करायचा. त्याने आधीच तोंडात एक दात ठेवलेला, सोबत कोंबडीच्या रक्ताची बारीक पिशवी. दात काढणारा नुसतं बोट किंवा काडी लावल्यासारखं करतो, माणूस रक्तासकट दात थुंकतो आणि ओरडतो, ‘अरे, कळलंसुद्धा नाही!’ झालं. रांग लागली.

आता याला तुम्ही काय म्हणाल? मी तर म्हणेन, पेड रिव्ह्यू! फाइव्ह स्टार, १७२८ मॉडेल.

फोशारने दोन गोष्टी केल्या. एक, त्याने सूक्ष्मदर्शकातून किडलेले दात बघितले आणि लिहिलं की मला काही किडा दिसला नाही. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, त्याने आपलं ज्ञान उघड केलं. तोपर्यंत प्रत्येक जण आपली विद्या गुप्त ठेवायचा, कारण गुपितावरच पोट. फोशारने हत्यारांची चित्रं छापली, पद्धती सांगितल्या, रुग्णाला जमिनीवर न बसवता खुर्चीत नीट बसवा असंही सांगितलं. माझ्यापाशी गुपित आहे म्हणून या, असं सांगणाऱ्यांच्या बाजारात हा माणूस म्हणाला, मी काय करतो ते बघा आणि मग ठरवा.

दात का किडतो याचं बरंचसं खरं उत्तर यायला १८९० उजाडलं. विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये काम करून मांडलं की तोंडातले जीवाणू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे ‘कीड’ होती, फक्त डोळ्यांना दिसणारी नव्हती.

डिग्री असलेला जादूगार

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, डिग्रीवाला डॉक्टर बघायचा, प्रश्न मिटला. तर आता भेटा एडगर पार्करला.

१८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं पहिलं कॉलेज निघालं. पार्कर फिलाडेल्फियाच्या डेंटल कॉलेजातून १८९२ मध्ये रीतसर पास झाला. दवाखाना टाकला, पण पेशंट येईनात, आणि जाहिरात करणं तेव्हा सभ्य मानलं जात नव्हतं. मग त्याने लाजच सोडली. सर्कशीच्या धंद्यातला माणूस जाहिरातीला ठेवला, बँडबाजा घेतला, रस्त्यावर उतरला. दात काढायचे पन्नास सेंट, आणि दुखलं तर पाच डॉलर परत! बँड कशाला? रुग्ण ओरडला तरी गर्दीला ऐकू जाऊ नये म्हणून. गळ्यात ३५७ दातांची माळ, हे सगळे एका दिवसात काढलेत असा त्याचा दावा. १९१५ मध्ये कायदा आडवा आला की धंदा स्वतःच्या खऱ्या नावाने करा, तर त्याने कोर्टातून आपलं नावच बदलून घेतलं: पेनलेस पार्कर. पुढे त्याच्या क्लिनिकची साखळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

गंमत अशी की पार्कर निव्वळ भोंदू नव्हता. भूल देण्याचं औषध तो वापरायचा, आणि ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं अशा गरीब लोकांपर्यंत दातांचा उपचार पोचला तो अशांमुळेही. म्हणून हे पात्र मला जास्त विचार करायला लावतं. डिग्री सांगते की या माणसाला काम येतं. तुमच्या तोंडात तो कोणतं काम करेल, किती करेल आणि कशासाठी करेल, ते डिग्री सांगत नाही.

कोलकात्याचं सोडा फाउंटन आणि आपला ‘ए’

आता आपल्याकडे या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात दंतवैद्यक शिकायचं तर परदेशी जायला लागायचं. आता बांगलादेशात असलेल्या पूर्व बंगालमधले रफीउद्दिन अहमद अमेरिकेला गेले, आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये पदवी घेतली, बॉस्टनमध्ये मुलांच्या दातांच्या रुग्णालयात काम केलं आणि परत आले. १९२० मध्ये त्यांनी कोलकात्यात भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसा? त्यांनी एक आइस्क्रीम पार्लर चालवलं होतं, ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं. त्याच्या कमाईतून कॉलेज उभं राहिलं. लोकांना गोड खायला घालून दातांचे डॉक्टर घडवणारा हा माणूस, हसू येतं ना? पण सुरुवातीला विद्यार्थी बोटांवर मोजण्याएवढेच होते.

मुंबईचा एक धागा इथे जोडलेला आहे. महंमद अली जिनांची बहीण फातिमा जिना कोलकात्याला अहमद यांच्या कॉलेजात शिकल्या आणि १९२३ मध्ये मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर त्यांनी दवाखाना उघडला. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या त्या गजबजाटात शंभर वर्षांपूर्वी एका शिकलेल्या बाईंचं डेंटल क्लिनिक होतं. पुढे १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज सुरू झालं आणि १९४५ मध्ये सरकारी डेंटल कॉलेज.

पण कॉलेजं दोन-चार आणि देश एवढा मोठा. मग बाकीच्यांचे दात कोण बघत होतं? फुटपाथवर चटई टाकून बसणारे कारागीर, कवळ्या बनवणारे, आणि अनेक शहरांत ‘चायनीज डेंटिस्ट’ अशा पाट्या लावलेले चिनी वंशाचे दंतकारागीर, ज्यांच्याकडे ही कला बापाकडून पोराकडे यायची. यातले काही हातखंडा होते. काही नव्हते. बाहेरून ओळखायचं कसं?

१९४८ मध्ये डेंटिस्ट्स अॅक्ट आला. त्याआधी १९३९ मध्ये बंगालने स्वतःचा असा कायदा केला होता, त्यामागेही अहमद होते. या कायद्याने दंतवैद्यांचं रजिस्टर सुरू झालं. आता एक अवघड प्रश्न आला: ज्यांच्याकडे डिग्री नाही पण आयुष्यभर हाच धंदा केला, त्यांचं काय करायचं? एका रात्रीत बंद करा म्हटलं तर त्यांची पोटं मारली जाणार, आणि गावोगावच्या लोकांना असलेला उपचारही जाणार. इंग्लंडसमोर १९२१ मध्ये हाच पेच आला होता. तिथे १८७८ च्या कायद्याने फक्त ‘डेंटिस्ट’ या बिरुदाला संरक्षण दिलं होतं, म्हणून बिरुद न लावता कोणीही दात काढत बसायचा. १९२१ ला ते बंद केलं, पण जुन्या लोकांना सामावून घेतलं.

आपण तोच मार्ग घेतला. रजिस्टरचे दोन भाग केले. ‘ए’ भागात मान्य पदवी असलेले. ‘बी’ भागात पदवी नसलेले, पण नोंदणी सुरू होण्याआधी किमान पाच वर्षं याच कामावर पोट असलेले. ‘बी’चा दरवाजा जुन्या पिढीसाठी होता, नवीन माणूस पदवीशिवाय आत येऊ शकत नव्हता. ती पिढी संपली की तो भाग आपोआप ओसरणार.

आता तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याची पाटी आठवा. डॉक्टरांच्या नावाखाली बीडीएस किंवा एमडीएस, आणि त्याखाली रजिस्ट्रेशन नंबर. महाराष्ट्रात हा नंबर ‘ए’ अक्षराने सुरू होतो. ते अक्षर म्हणजे १९४८ चा तो सगळा वाद! २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा मंजूर केला, पण नोंद हवीच, ही कल्पना तीच आहे. नंबर पाटीवर किंवा प्रिस्क्रिप्शनवर नसेल तर सरळ विचारा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंद तपासता येते. हा पहिला गाळणा. पण पार्करला विसरू नका. या गाळण्यातून तोसुद्धा आरामात खाली उतरला असता.

रुग्णाला स्वतःचा दात कधी दिसला?

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये रोंटगेनने क्ष-किरण शोधले. दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढला. पंचवीस मिनिटं हलायचं नाही! आज सेन्सर तोंडात ठेवला की काही सेकंदांत दात स्क्रीनवर दिसतो.

तंत्र म्हणून हे मोठं आहेच. पण विश्वासाच्या इतिहासात त्याहून मोठं आहे. पहिल्यांदाच डॉक्टर आणि रुग्ण एकच गोष्ट एकत्र बघू शकत होते. किडा दाखवणाऱ्या नळीनंतर बऱ्याच काळाने दाखवायला काहीतरी खरं हाती आलं.

इथे माझा एक अनुभव सांगतो. एका क्लिनिकमध्ये मला पाच मिनिटांत सांगितलं गेलं की चार रूट कॅनॉल लागतील, आजच सुरू करू, पॅकेजमध्ये स्वस्त पडेल. मी म्हटलं, एक्स-रे दाखवता का? उत्तर आलं, ‘अहो, आम्हाला कळतं ना.’ मी उठलो. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून सांगितलं: इथे कीड नसेपर्यंत, म्हणजे शिरेपर्यंत, गेलीय, इथे रूट कॅनॉल. या दोन ठिकाणी वरवर आहे, फिलिंग पुरेल. आणि हा चौथा, याला आत्ता हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी बघू. ‘आत्ता काही करायचं नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्या डॉक्टरकडे मी परत जातो. कारण त्या वाक्याचे पैसे मिळत नाहीत.

तसंच स्वच्छतेचं. वाफेच्या दाबाखाली हत्यारं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह यंत्र १८७९ मध्ये पाश्चरचे सहकारी चार्ल्स शाम्बरलाँ यांनी बनवलं. १२१ अंश सेल्सिअस, साधारण पंधरा मिनिटं, हा त्याचा नेहमीचा हिशोब. तोंडातल्या हत्याराला रक्त लागतंच, आणि हिपॅटायटिस बी सारखे आजार रक्तातून जातात. चांगल्या दवाखान्यात हत्यारं सीलबंद पाकिटात येतात, पाकिटावरच्या खुणेचा रंग उष्णतेने बदललेला असतो, आणि ते तुमच्यासमोर फाडलं जातं. विचारायला लाजू नका. नीट काम करणाऱ्याला हा प्रश्न आवडतो.

‘फॅमिली’ कशाला?

आता शेवटचा भाग. एकदाचा दात काढायचा तर कोणीही चालेल, मग कुटुंबाचा एकच डेंटिस्ट कशाला हवा?

पाँ नफवरच्या माणसाला एक सोय होती: गर्दी रोज नवी. आज फसवलेला उद्या भेटेलच असं नाही. याउलट ज्याचा दवाखाना तुमच्या चौकात आहे, ज्याच्याकडे तुमची आई कवळीसाठी आणि शेजारचे काका दाढेसाठी जातात, त्याला उद्याही तुमच्यासमोर उभं राहायचं असतं. ओळख हे सर्टिफिकेट नाही, पण तो एक धाक आहे, दोन्ही बाजूंनी.

आणि दुसरं कारण जास्त गंभीर आहे. माझी आजी मशेरी लावायची. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायका लावायच्या. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, पण घरात तिला तंबाखू कोणी म्हणतच नाही, ‘दात घासते’ म्हणतात. शिवाय आपल्या वयाच्या पोरांमध्ये गुटखा आणि सुपारी आहेच. सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, नाही गेली तर दाखवून घ्या. तोंडाच्या कॅन्सरआधी बऱ्याचदा पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, आणि तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण जात नाही. पण ज्याने सहा महिन्यांपूर्वी तेच तोंड बघून नोंद ठेवलीय, त्याला चटकन कळतं की हे मागच्या वेळी नव्हतं. मॅपवरचे स्टार हे करू शकत नाहीत. जुना केसपेपर करतो.

म्हणून निवडताना एवढं बघा. नंबर पाटीवर आहे का? एक्स-रे तुमच्याकडे वळवून दाखवला का? पर्याय आणि खर्च कागदावर मिळाला का? रूट कॅनॉल किंवा तारा लावायला बाहेरून स्पेशालिस्ट येत असेल तर त्याचं नाव आणि शिक्षण सांगितलं का? नोंदी ठेवतात का, आणि गाव बदललं तर त्या तुम्हाला देतात का? तपासताना फक्त दात बघितले की जीभ, गाल, टाळूही बघितला? तुमच्या आजीशी बोलताना आवाज चढला का? खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. वेळ लागतो, पण शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यावर शिक्षक उभे असतात.

आणि एक शेवटचं. पाँ नफवर रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाचा दात दुखत होता, म्हणून तो तमाशा चालला. पार्करच्या बँडपुढेही तेच. ठणका लागला की आपण पहिल्या उघड्या दारात शिरतो. तेव्हा या महिन्यात, काहीही दुखत नसताना, घराजवळच्या एखाद्या डेंटिस्टकडे नुसतं तपासायला जा. जाताना आईलाही घेऊन जा. निवड करायची खरी वेळ तीच असते.